प्रतीक्षेचा इतिहास : मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील रुग्णांचा लक्षणभार व जीवितकाल (विशेष संदर्भ : कोलाड परिसर, जि. रायगड)

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक साली अमुक यंत्र सिद्ध झाले, अमुक साली पहिली शस्त्रक्रिया यशस्वी झाली, अशा नोंदींनी त्याची पाने भरलेली असतात. या इतिहासात वैद्य असतो, यंत्र असते, संस्था असते. रुग्ण मात्र केवळ एक आकडा म्हणून येतो व जातो. त्यातही जो रुग्ण बरा झाला नाही आणि मरणही पावला नाही, जो केवळ वाट पाहत राहिला, त्याची दखल इतिहासाने जवळजवळ घेतलेलीच नाही. मूत्रपिंड निकामी झालेला आणि प्रत्यारोपणाच्या यादीवर नाव असलेला मनुष्य हा अशा रुग्णाचे ठळक उदाहरण होय. त्याची प्रतीक्षा महिन्यांची नसते, वर्षांची असते. आणि ती रिकामी नसते, तर अनेक लक्षणांनी व्यापलेली असते.

प्रस्तुत लेखात या प्रतीक्षेचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे. प्रतीक्षा ही रोगाची नैसर्गिक अवस्था नसून यंत्र, कायदा आणि अर्थसाहाय्य या तीन घटकांनी क्रमाक्रमाने घडविलेली ऐतिहासिक निर्मिती आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. अंतर हा चौथा घटक. रायगड जिल्ह्यातील रोहा तालुक्यातील कोलाड या गावाच्या संदर्भात तो विशेषत्वाने तपासला आहे.

विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मूत्रपिंडविकारावरील उपचारांच्या विकासातून 'प्रतीक्षा' कशी निर्माण झाली, हे पाहणे, (२) महाराष्ट्रातील कायदे व योजना यांनी तिला कोणते स्वरूप दिले, याचा आढावा घेणे, (३) जीवितकाल मोजला गेला, परंतु लक्षणभाराची नोंद मागे का राहिली, याची मीमांसा करणे, (४) महानगरापासून दूरच्या परिसरात या दोहोंचा अर्थ कसा बदलतो, हे दाखविणे.

यंत्रपूर्व काळ : प्रतीक्षेविना मृत्यू

लंडनच्या गायज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट याने १८२७ मध्ये अंगावरील सूज, लघवीतून जाणारी प्रथिने आणि शवविच्छेदनात आढळणारी विकृत मूत्रपिंडे यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. पुढे शंभर वर्षे हा विकार त्याच्याच नावाने ओळखला गेला. रोगाला नाव मिळाले, उपाय मिळाला नाही. आपल्याकडेही सूज, धाप, उलट्या आणि शेवटी ग्लानी हा क्रम वैद्यांना आणि घरातील वडीलधाऱ्यांना अपरिचित नव्हता. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, गोखरू, अळणी जेवण हे उपाय केले जात. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाल्यावर मात्र रुग्णाच्या हाती काही दिवस किंवा काही आठवडेच उरत. या काळात लक्षणे तीव्र होती, पण त्यांची मुदत अल्प होती. वाट पाहावी असे काही समोर नसल्यामुळे प्रतीक्षाही नव्हती.

ही स्थिती पालटली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. जर्मनव्याप्त नेदरलँड्समधील कांपेन येथे विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये फिरत्या पिंपाच्या आकाराचे कृत्रिम मूत्रपिंड वापरावयास आरंभ केला. सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून त्यातील विषारी द्रव्ये बाहेर काढण्याची ही युक्ती होती. सुरुवातीचे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री या उपचारामुळे वाचली. तथापि प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने हा उपचार तात्पुरत्या बिघाडापुरताच उपयोगी होता.

सिअ‍ॅटल येथील बेल्डिंग स्क्रिब्नर याने १९६० मध्ये हातावर कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसविली आणि त्याच रक्तवाहिन्यांतून वारंवार डायलिसिस करणे शक्य झाले. पुढे १९६६ मध्ये ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धमनी व नीला शस्त्रक्रियेने जोडण्याची पद्धत मांडली. आज ज्याला 'फिस्टुला' म्हणतात तो हाच. या दोन सुधारणांनी एक नवाच मनुष्यप्रकार जन्मास घातला : मूत्रपिंडे गेलेली असूनही वर्षानुवर्षे जगणारा. प्रतीक्षेच्या इतिहासाचा आरंभबिंदू येथे मानावा लागतो.

यंत्रे थोडी आणि रुग्ण अनेक, हा पेच त्याच क्षणी उभा राहिला. सिअ‍ॅटलमध्ये १९६२ पासून कोणास यंत्रावर घ्यावे हे ठरविण्यासाठी सात सामान्य नागरिकांची समिती काम करू लागली. वय, कुटुंब, व्यवसाय, समाजातील स्थान अशा बाबी पाहून ती निर्णय देई. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात 'लाइफ' नियतकालिकाने या समितीचे काम लोकांसमोर आणले आणि मोठा वाद झाला. अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा करून मूत्रपिंड निकामी झालेल्या बहुतेक सर्वांचा खर्च शासनाकडे घेतला, त्यामागे या वादाचीही पार्श्वभूमी होती. कोण जगेल हा प्रश्न अशा रीतीने वैद्यकाच्या कक्षेतून राज्यव्यवस्थेच्या कक्षेत आला. भारतात तो आणखी बऱ्याच उशिरा आला.

मुंबई : प्रत्यारोपणाचा आरंभ आणि एका लोकनेत्याची चार वर्षे

बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी एकाच बीजापासून झालेल्या जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले व ते टिकले. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड बसविण्याचा प्रयत्न झाला. रुग्ण फार काळ जगला नाही. परंतु भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या इतिहासात या प्रयत्नाचे स्थान पहिले आहे. देशातील पहिले यशस्वी जिवंत दात्याचे प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले.

सामान्य भारतीय वाचकास 'डायलिसिस' हा शब्द परिचित झाला तो मात्र एखाद्या वैद्यकीय यशामुळे नव्हे, तर राजकीय घटनेमुळे. आणीबाणीत अटक झालेले लोकनायक जयप्रकाश नारायण यांची प्रकृती चंदीगड येथील स्थानबद्धतेत ढासळली. त्यांना १२ नोव्हेंबर १९७५ रोजी मुक्त करण्यात आले आणि त्याच महिन्यात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निष्पन्न झाले. त्या वेळी ते ७३ वर्षांचे होते. तेथपासून ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास झालेल्या निधनापर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, त्यांचे जीवन नियमित डायलिसिसवर अवलंबून होते. त्यांच्यासाठी यंत्र घेता यावे म्हणून लोकांनी वर्गणी जमविली.

याच चार वर्षांत जनता पक्षाची स्थापना झाली, १९७७ ची निवडणूक झाली आणि केंद्रात सत्तापालट झाला. राजकीय इतिहासकार या घटनांचे विवेचन करतात, तेव्हा या प्रक्रियेच्या केंद्रस्थानी असलेला नेता यंत्राच्या वेळापत्रकात बांधलेला होता, ही बाब प्रायः तपशील म्हणून येते. त्यांची अल्पकाळात गळून जाणारी शक्ती, प्रवासावरील मर्यादा आणि नव्या सरकारच्या दैनंदिन कारभारापासून राहिलेले अंतर यांचा विचार करताना शरीराची ही अवस्था विसरता येत नाही. वयामुळे त्यांच्या बाबतीत डायलिसिस हाच उपचार राहिला. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील रुग्णांत त्यांची गणना होत नाही. तरीही एका गोष्टीचे ते सार्वजनिक प्रमाण ठरले : यंत्रावर माणूस जगू शकतो. त्याबरोबरच दुसरीही गोष्ट उघड झाली : असे जगण्यासाठी मुंबईसारखे शहर आणि समाजाचे पाठबळ लागते. कुलाबा जिल्ह्यातील (रायगड हे नाव १९८१ मध्ये आले) शेतकऱ्यास किंवा मच्छीमारास त्या काळी यांपैकी काहीही उपलब्ध नव्हते.

कायद्याने घडविलेली यादी

सायक्लोस्पोरिन हे औषध १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले आणि शरीराकडून नवे मूत्रपिंड नाकारले जाण्याचे प्रमाण घटले. प्रत्यारोपण यशस्वी होऊ लागताच मूत्रपिंडाला बाजारभाव आला. १९८० च्या दशकात भारतातील गरिबांची मूत्रपिंडे विकत घेण्याचा व्यापार जगभर चर्चेचा विषय झाला. त्यास आळा घालण्यासाठी संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत केला. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने तो सर्व राज्यांस आपोआप लागू झाला नाही. महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश ही राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांत तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून अंमलात आला.

या कायद्याने तीन गोष्टी केल्या. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली. जिवंत दाता प्राधान्याने जवळचा नातेवाईक असावा, असा दंडक घातला. आणि मेंदूमृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य केला. तिसऱ्या तरतुदीमुळे हृदय चालू असतानाच मृत व्यक्तीचे अवयव कुटुंबाच्या संमतीने काढून घेणे कायदेशीर झाले. येथून प्रतीक्षेला नवे रूप आले. तोवर रुग्ण आपल्याच घरातील दात्याची किंवा पैशाची वाट पाहत होता. आता तो अनोळखी माणसाच्या मृत्यूची आणि त्या माणसाच्या नातलगांच्या मनाच्या मोठेपणाची वाट पाहू लागला.

अशा अवयवांचे न्याय्य वाटप व्हावे म्हणून मुंबईत २००० मध्ये विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र स्थापन झाले. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयाच्या आवारातून त्याचे काम चालू लागले. पुढे पुणे, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथेही अशी केंद्रे झाली. रायगड जिल्ह्यातील रुग्णाचा संबंध मुंबईच्या केंद्राशी येतो. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचा जवळच्या नातेवाइकांत समावेश केला आणि दोन कुटुंबांतील दात्यांच्या अदलाबदलीस मान्यता दिली. २०२३ मध्ये केंद्र शासनाने मृत दात्याच्या अवयवासाठी नोंदणी करताना असलेली ६५ वर्षांची वयोमर्यादा आणि रहिवासाची अट काढून टाकली.

मूत्रपिंडाचे वाटप करताना रक्तगट जुळल्यावर गुण मोजले जातात. डायलिसिसवर किती काळ गेला, फिस्टुलासाठी रक्तवाहिन्या उरल्या आहेत की नाहीत, रुग्णाचे वय किती, पूर्वी त्याने स्वतः अवयव दिला होता काय, अशा बाबींना त्यात स्थान आहे. यांपैकी प्रत्येक गोष्ट कागदावर सिद्ध करता येते. रुग्णास किती त्रास होतो, हा प्रश्न मात्र या कोष्टकात कोठेच नाही. त्यास कारणही आहे. त्रास सांगण्यावर क्रम ठरू लागला तर अतिशयोक्तीला उत्तेजन मिळेल आणि जो मुकाट्याने सोसतो तो मागे पडेल. म्हणून वाटपाच्या कोष्टकात लक्षणांना स्थान नसणे समर्थनीय ठरते. पण वाटपात नाही म्हणून उपचाराच्या नोंदीतही नाही, ही पुढची पायरी समर्थनीय ठरत नाही. व्यवहारात मात्र नेमके हेच घडत आले आहे.

जीवितकालाची मोजदाद आणि लक्षणांचे मौन

प्रतीक्षेतील रुग्ण किती काळ जगतात, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये प्रसिद्ध झालेल्या वुल्फ व सहकाऱ्यांच्या अमेरिकी अभ्यासाने दिले. १९९१ ते १९९७ या काळातील २,२८,५५२ डायलिसिस रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. त्यांपैकी ४६,१६४ जण प्रत्यारोपणाच्या यादीवर होते आणि २३,२७५ जणांना मृत दात्याचे मूत्रपिंड मिळाले. दर शंभर रुग्णवर्षांमागे मृत्यूचे प्रमाण सर्व डायलिसिस रुग्णांत १६.१, यादीवरील रुग्णांत ६.३ आणि प्रत्यारोपण झालेल्यांत ३.८ आढळले.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. यादीवर घेतले जाणारे रुग्ण मुळातच इतरांपेक्षा सुदृढ असतात, म्हणून प्रत्यारोपणाची तुलना सर्व डायलिसिस रुग्णांशी करणे योग्य नव्हे. ती यादीवरील रुग्णांशीच केली पाहिजे. तशी तुलना केल्यावरही प्रत्यारोपण सरस ठरते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका यादीवरील रुग्णाच्या २.८ पट असतो. १०६ दिवसांनी तो समान होतो. त्यानंतर प्रत्यारोपण झालेल्याचे पारडे जड होत जाते. डायलिसिसवर जितका अधिक काळ जातो तितके पुढील प्रत्यारोपणाचे फळही कमी होते, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखविले. म्हणजे प्रतीक्षा ही केवळ विलंब नव्हे. ती स्वतःच हानी करणारी गोष्ट आहे.

लक्षणांचा अभ्यास याच्या बराच मागून आला. डायलिसिस रुग्णांसाठी ३० लक्षणांची पद्धतशीर प्रश्नावली २००४ मध्ये वाइसबोर्ड व सहकाऱ्यांनी सिद्ध केली. त्यांच्या २००५ च्या अभ्यासात एकेका रुग्णास एकाच वेळी असलेल्या लक्षणांची मध्यगा ९ निघाली. मर्टा व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अनेक अभ्यासांचे संकलन केले, तेव्हा थकवा ७१ टक्के, खाज ५५, बद्धकोष्ठता ५३, भूक न लागणे ४९, वेदना ४७ आणि झोपेच्या तक्रारी ४४ टक्के रुग्णांत आढळल्या. त्याच वर्षी वाइसबोर्ड यांच्या आणखी एका अभ्यासाने असे दाखविले की, रुग्ण जी लक्षणे सांगतात त्यांपैकी अनेकांची उपचार करणाऱ्यांना कल्पनाच नसते.

कालक्रम येथे बोलका आहे. नियमित डायलिसिस १९६० पासून होत होते. रुग्ण किती जगला याची मोजदाद लगेच सुरू झाली. तो कसा जगला, हे त्याच्याच तोंडून ऐकण्यासाठी खास साधन तयार व्हावयास चार दशकांहून अधिक काळ लागला. रक्तातील क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, डायलिसिसपूर्वीचे व नंतरचे वजन, रक्तदाब हे आकडे फाइलमध्ये नियमाने उतरतात. रुग्ण ज्या भाषेत बोलतो ती भाषा मात्र तेथे पोहोचत नाही. 'अंगात त्राण नाही', 'तोंडाला चव नाही', 'रात्रभर खाजवत बसतो', 'पायात गोळे येतात', 'जेवणावर वासना नाही', ही मराठीतील वाक्ये म्हणजे वस्तुतः वरील प्रश्नावलीतील एकेका प्रश्नाची उत्तरे आहेत. प्रश्नच विचारला न गेल्याने ती उत्तरे घरच्या माणसांपाशीच राहतात.

इतिहासाच्या अभ्यासकास ही परिस्थिती परिचित आहे. दप्तरात शेतसाऱ्याचे आकडे सापडतात, दुष्काळात रयतेने काय सोसले हे क्वचितच सापडते. रुग्णाची फाइलही असेच एक दप्तर आहे. ते खोटे नसते. ते अपुरे असते, आणि त्याचा अपुरेपणा विशिष्ट दिशेचा असतो.

लक्षणांची नोंद होणे म्हणजे केवळ सहानुभूती दाखविणे नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. थकव्यामागे रक्तक्षय असू शकतो आणि १९८९ पासून उपलब्ध झालेल्या एरिथ्रोपोएटिनने तो बराच सुधारतो. खाजेमागे फॉस्फरसचे वाढलेले प्रमाण किंवा अपुरे डायलिसिस असू शकते. धाप हे साचलेल्या पाण्याचे चिन्ह असते. भूक मंदावल्याने कुपोषण होते आणि कुपोषित रुग्ण शस्त्रक्रियेस अपात्र ठरू शकतो. लक्षण ऐकले गेले नाही तर त्यामागचे कारण वाढत जाते आणि अखेरीस ते जीवितकालाच्याच आकड्यात उतरते. लक्षणभार आणि जीवितकाल ही दोन स्वतंत्र प्रकरणे नाहीत.

कोलाड : अंतराचा हिशेब

कोलाड हे मुंबई-गोवा महामार्गावरील बाजाराचे गाव. कुंडलिका नदी येथून वाहते. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरवून १९२७ पासून टाटांचे जलविद्युत केंद्र वीज निर्माण करू लागले. ते पाणी पुढे याच नदीत येते. ती वीज मुंबईसाठी होती. रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ मध्ये आली. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि रोह्यानंतरचे पहिले स्थानक कोलाड ठरले. मालमोटारी रेल्वेवर चढवून नेण्याची रो-रो सेवा २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड येथूनच वेर्ण्याकडे सुरू झाली. धाटाव येथे रासायनिक उद्योगांची वसाहत आहे. वीज, माल आणि मनुष्यबळ यांच्या वाहतुकीचा दुवा म्हणून या परिसराने महानगराची सेवा शतकभर केली आहे. विशेषोपचार मात्र महानगरातच एकवटले.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, हा मान्य प्रघात आहे. म्हणजे वर्षाकाठी १५६ खेपा. कोलाड ते मुंबई अंतर सुमारे ११५ किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन २३० किलोमीटर होतात आणि वर्षाचा प्रवास ३५,८८० किलोमीटर भरतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. मूत्रपिंडे निकामी झालेला मनुष्य एका वर्षात पृथ्वीप्रदक्षिणेच्या जवळ जाणारे अंतर केवळ जिवंत राहण्यासाठी तोडेल, असा याचा अर्थ. हे अशक्य असल्याने रुग्ण एकतर मुंबई-पनवेलकडे नातेवाइकांकडे बिऱ्हाड हलवितो, किंवा खेपा कमी करतो. तीनऐवजी दोन खेपा केल्या तर वर्षाला ५२ वेळा डायलिसिस टळते. खर्च वाचतो, पण साचलेले पाणी व विषद्रव्ये लक्षणांच्या रूपाने परत येतात. अंतर हे अशा रीतीने थेट लक्षणभारात रूपांतरित होते.

त्यातून रस्त्याची स्थिती वेगळीच. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असतो, पायांत गोळे येतात, अंग गळून गेलेले असते. अशा अवस्थेत खड्ड्यांतून होणारा काही तासांचा प्रवास कोणत्याही वैद्यकीय कोष्टकात मोजला जात नाही.

पथ्याचाही विचार स्थानिक जीवनाच्या संदर्भातच करावा लागतो. पोटॅशियम वाढू नये म्हणून शहाळ्याचे पाणी वर्ज्य, मीठ कमी हवे म्हणून सुकट व लोणचे वर्ज्य, कडधान्यांवर मर्यादा म्हणून रायगडच्या घरोघरी होणारे वालाचे बिरडे बेतानेच. ज्याची लघवी जवळजवळ थांबली आहे अशा रुग्णास दिवसभरात पाणी, चहा, आमटी सर्व मिळून साधारण लिटरभर किंवा त्याहूनही कमी द्रव घेण्याची मुभा असते. वैशाखात कोकणातील उकाड्यात भातलावणीपूर्वीची कामे चालू असताना ही मर्यादा पाळणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. याउलट यंत्रास एका डायलिसिससाठी मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने सुमारे १२० लिटर शुद्ध द्रावण लागते. म्हणूनच शुद्ध पाण्याची व अखंड विजेची सोय नसेल तेथे केवळ यंत्र आणून ठेवल्याने केंद्र उभे राहत नाही.

यादीवर नाव असलेल्या रुग्णाच्या बाबतीत अंतराचा आणखी एक परिणाम होतो. मृत दात्याचे मूत्रपिंड शक्यतो चोवीस तासांच्या आत बसविणे हितावह असते. रक्तजुळणीची चाचणी, तपासण्या आणि शस्त्रक्रियेची तयारी एवढ्याच अवधीत व्हावयाची असते. दूरध्वनी रात्री आला तर वाहन, सोबत आणि हाताशी पैसा या तिन्ही गोष्टी त्याच क्षणी लागतात. शिवाय बोलावलेल्या प्रत्येकास मूत्रपिंड मिळतेच असे नाही. चाचणी जुळली नाही तर परतावे लागते. महानगरातील रुग्णास ही एका रात्रीची निराशा असते. कोलाडच्या कुटुंबास ती काही दिवसांच्या मजुरीची हानीही असते.

योजनांनी केलेले आणि न केलेले

शासनाच्या प्रयत्नांची दखल घेतल्याशिवाय हे विवेचन एकांगी होईल. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या गंभीर आजारांसाठी महाराष्ट्राने १९९७ मध्ये जीवनदायी आरोग्य योजना आणली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. कुटुंबास वर्षाला दीड लाख आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणास अडीच लाख रुपये ही तिची मर्यादा होती. १ एप्रिल २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२३ च्या शासननिर्णयाने कुटुंबाची मर्यादा पाच लाख आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाची साडेचार लाख करण्यात आली. केंद्राने २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांत ही सेवा नेण्याचे धोरण स्वीकारले. त्या वेळी देशात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, असा अंदाज या कार्यक्रमात दिला होता. २०२३ मध्ये देशात झालेली मूत्रपिंड प्रत्यारोपणे १३,४२६ होती आणि मृत दात्यांची संख्या १,०९९. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की बहुसंख्यांच्या वाट्यास प्रत्यारोपण नव्हे, प्रतीक्षाच येते, हे स्पष्ट होते.

योजनांनी उपचाराचे मूल्य दिले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर घ्यावयाची औषधे यांचा भार कुटुंबावर मोठ्या प्रमाणात राहिला. तो पेलताना घरात कोणाचा जीव आधी मोजला जातो, याचेही उत्तर आकडे देतात. राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्थेने दिलेल्या माहितीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांची आणि ६,९४५ स्त्रियांची होती. जिवंत दात्यांत मात्र स्त्रियांचे प्राबल्य आहे. देणाऱ्यांत आई व पत्नी पुढे, घेणाऱ्यांत त्या मागे. ज्या स्त्रीचे नाव यादीपर्यंत पोहोचतच नाही तिच्या प्रतीक्षेची नोंद कोणत्याही केंद्रात सापडणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची प्रतीक्षा ही रोगाची सहजावस्था नसून १९६० नंतरच्या यंत्रविद्येने शक्य केलेली, १९९४ च्या कायद्याने रूप दिलेली आणि १९९७ नंतरच्या योजनांनी सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचविलेली ऐतिहासिक निर्मिती आहे.

२. या संपूर्ण काळात जीवितकालाची मोजदाद झाली, लक्षणभाराची मोजदाद फार उशिरा व अपुरी झाली. लक्षणांच्या कारणांवर उपचार शक्य असल्याने ही उपेक्षा जीवितकालावरही परिणाम करते.

३. अवयववाटपाच्या गुणांकनात लक्षणांना स्थान नसणे योग्य असले, तरी डायलिसिसच्या नियमित नोंदीत रुग्णाच्या भाषेतील लक्षणांना स्थान असणे आवश्यक आहे. मराठीतील साधी, एका पानाची प्रश्नावली हे काम करू शकेल.

४. कोलाडसारख्या परिसरात अंतर हा स्वतंत्र रोगकारक घटक मानला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी पाणी व वीज यांची हमी असलेली डायलिसिस केंद्रे आणि रुग्णाच्या प्रवासखर्चाची तरतूद यांना उपचाराचाच भाग समजावे लागेल.

५. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांनी रुग्णांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या मौखिक कथनांकडे साधन म्हणून पाहिले पाहिजे. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहास, समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभाग एकत्र येऊन, संमती व गोपनीयता यांची काळजी घेऊन, हे काम करू शकतात.

यादीवरील नाव एक दिवस कमी होते. ते प्रत्यारोपणामुळे कमी झाले की मृत्यूमुळे, एवढे नोंदवहीत लिहिलेले सापडते. त्या दोन नोंदींच्या मधली वर्षे कशी गेली, हे सांगणारी साधने आज तयार केली नाहीत, तर पुढील पिढीच्या इतिहासकारास ती कोठेही मिळणार नाहीत.